आखूड पिसं

एल्मा केम्पाइनेनकडे बाण करून घ्यायला आलेल्या माणसाला आधी चार प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. धनुष्याची ओढ किती पौंडांची आहे? मचाणावरून मारणार की जमिनीवरून? जास्तीत जास्त किती पावलांवरून? आणि पुढे पातं कुठलं लावणार? एवढं झाल्याशिवाय ती कुणाला पिसांच्या रंगाच्या डब्याला हात लावू देत नसे. "रंग शेवटी," ती म्हणायची. "रंगाने हरीण पडत नाही. रंग फक्त तुला बाण सापडावा म्हणून असतो."

हे सगळं चालायचं ते तिच्या कपडे धुण्याच्या खोलीत. एका बाजूला धुण्याचं यंत्र आणि दुसऱ्या बाजूला अरुंद मेज होतं. मेजावर पिसं चिकटवायचे दोन साचे, तराजू, डिंकाच्या बाटल्या आणि कार्बनच्या नळ्यांचे जुडगे. सप्टेंबर आला की त्या खोलीत साबणाचा आणि डिंकाचा मिळून एक वास कोंदायचा आणि ऑटर नदीच्या दोन्ही काठांवरची माणसं दाराशी बूट काढून उभी राहायची.

बावीस वर्षं ती गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दीडशे पोरांची ताटं भरताना जो हात बटाट्याचा डाव कधी सांडू देत नसे, तोच हात इथे होता. बाण मात्र त्याच्याही आधीपासूनचे. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिचा नवरा रूडी लाकूडतोडीवरून आला आणि टेबलाशी बसून एका बाणाला पीस चिकटवू लागला. त्याची बोटं म्हणजे भोपळ्याचे देठ. पीस कधी वाकडं बसायचं, कधी अंगठ्यालाच चिकटायचं. तासभर त्याची ती झटापट पाहून एल्मा म्हणाली, "दे इकडे." त्याला छत्तीस वर्षं झाली. त्यानंतर रूडीने पिसाला हात लावला नाही.

तिच्या हातून गेलेल्या बाणाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, याचं कारण तिचा एक नियम होता. सरावाच्या बोथट टोकाने सगळेच बाण सरळ जातात. खरं, धारेचं पातं लावलं की बाणाचा स्वभाव कळतो. म्हणून प्रत्येक जुडग्यातला एक बाण ती त्या माणसाला खरं पातं लावून मागच्या अंगणात मारायला लावायची, स्वतः बाजूला उभी राहून बघायची आणि मगच जुडगा हातात द्यायची.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी लाकडाच्या गिरणीवरचा डेल रूओना आला. त्याने फोन पुढे केला.

"ही पिसं बघ, एल्मा. नखाएवढी आहेत. आवाज नाही, काही नाही. सगळे आता हीच लावतात."

"आणि पुढे काय लावणार?"

डेलने खिशातून डबी काढली. आत तीन धारांचं भलंमोठं पातं होतं.

एल्माने ते उलटंपालटं करून पाहिलं. "डेल, लग्नाआधी तू तो लाल ट्रक चालवायचास, मागे गुळगुळीत टायर लावून. बर्फात काय व्हायचं?"

"ढुंगण फिरायचं."

"कितीदा गेलास खड्ड्यात?"

"दोनदा. तिसऱ्यांदा शेरीफच्या फाटकात."

"मग? पुढे एवढा पंख लावलास तर वारा त्यालाच धरणार. मागे त्याला ताब्यात ठेवणारं काही नको? पातं मोठं, तर पिसं उंच. चार इंच लांब आणि जरा पीळ देऊन."

"अगं, पण तसली पिसं बघून लेनी म्हणतो, आजीचे पडदे लावलेत."

"लेनीला म्हणावं, पडदे नसले की घरात काय चाललंय ते रस्त्यावरून दिसतं. त्याला विचार, तुझ्या घरचं काय काय दिसलंय लोकांना."

डेल इतका हसला की त्याच्या हातातली डबी पडली. उंच, केशरी पिसं घेऊन गेला. अंगणात पातं लावून मारून दाखवल्यावरच गेला.

लेनी म्हणजे रूडीचा धाकटा भाऊ. वय एकसष्ट, पण जिभेला अजून अठरावं संपलेलं नव्हतं. दर वर्षी एक ऑक्टोबरला, धनुष्याने शिकारीचा मोसम उघडतो त्या दिवशी, दोघे भाऊ आणि आणखी दोघंजण वडिलांच्या वेळच्या झोपडीवर जात. तिथे कोण किती लवकर उठला, कुणाचा बाण कुठे गेला, कुणाच्या बायकोने डब्यात काय दिलं, सगळ्याची खिल्ली उडे. आदल्या वर्षी शेजारच्या बॉबने ओढ कमी केलेलं धनुष्य आणि उंच पिसांचे बाण आणले, तर लेनीने त्याला चार दिवस 'आजी' म्हणून हाक मारली. बॉब हसला होता. या वर्षी तो येणार नाही असं त्याने जुलैतच कळवून टाकलं.

आणि या वर्षी रूडीच्या धनुष्याची ओढ कमी झाली होती.

जानेवारीत त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. चाळीस वर्षं करवत धरून खांद्यातला स्नायू पार विरला होता. रूडी गुंगीत असताना सर्जनने एल्माला बाहेर बोलावून सांगितलं की शिवलंय खरं, पण धनुष्याचं विसरा. एल्माने रूडीला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, हळूहळू. बघू म्हणाले." दोन महिन्यांनी व्यायाम करवून घेणाऱ्या मुलीकडून त्याला खरं काय ते कळलं. तो एल्माला काही बोलला नाही. रोज पहाटे अंगणात उभा राहून धनुष्य ओढू लागला. सहासष्ट पौंडांचं होतं, ते पान्याने सैल करत करत सेहेचाळीसवर आणलं. तिथे जमलं. मे महिन्यात त्याने सरावाचा पहिला बाण मारला आणि आत येऊन उभ्याउभ्या मांस-बटाटा भरलेल्या तीन पास्ट्या खाल्ल्या. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी एल्माला घरात माणूस असल्यासारखं वाटलं.

आता प्रश्न बाणांचा होता. रूडीची पाती हवेत मिटलेली राहून जनावराला लागल्यावर उघडणारी होती. त्यांना उघडायलाच जोर लागतो, आणि सेहेचाळीस पौंडांत तेवढा जोर उरत नाही. जनावर जखमी होऊन निघून जायचं. सप्टेंबरच्या मध्याला एल्माने जेवताना विषय काढला.

"पाती बदलू या. दोन धारांचं, आधीपासून उघडं असलेलं लाव. ते कमी ओढीतही आरपार जातं."

"बरं."

ती वाद घालायच्या तयारीने बसली होती. "उघडं पातं वारा धरतं, मग पिसंही उंच..."

"तू ठरव," रूडी म्हणाला. "तुझं काम आहे ते." तो उठला, ताट धुवून ठेवलं आणि दारात जाऊन वळला. "लेनी असणार आहे तिथे," एवढं बोलून बाहेर गेला.

एल्माला पुढचं ऐकायची गरज नव्हती. रूडीचे बाण सगळ्या झोपडीला पाठ होते. दोन पिवळी पिसं आणि एक निळं, तिन्ही आखूड, ताठ, दोन इंचांची. ती बदलून उंच झाली की मेजावर ठेवल्या ठेवल्या लेनीला कळणार की ओढ कमी केलीय. पातं खोळीत झाकलेलं असतं, पिसं झाकता येत नाहीत.

तिच्याकडे उंच पिवळी पिसं होती. तिने ती डब्यातून काढली, मेजावर ठेवली. दुसऱ्या दिवशी परत डब्यात टाकली.

महिनाअखेरीला कामाची रांग लागली. पाद्रीबुवांचे सहा बाण, गिरणीवरच्या पोरांचे अठरा, कुणाच्या तरी जावयाचे बारा, आणि तो जावई चार प्रश्नांतल्या एकाचंही धड उत्तर देईना. घरच्या माणसाचं काम सगळ्यांत शेवटी, हे तर कुठल्याही घरात चालतंच. रूडीचे सहा बाण तिने हातात घेतले तेव्हा एकोणतीस तारीख होती. तिने दोन पिवळी, एक निळं, आखूड पिसं लावली. साचा फिरवून त्यांना जमेल तेवढा पीळ दिला आणि पीळ दिलाय म्हणजे भागेल असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रूडीने अंगणात सरावाचं टोक लावून सहाच्या सहा मारले. पंचवीस पावलांवरून सगळे एका बशीत मावतील असे बसले.

"एक पातं लावून मारतोस?" तिने विचारलं.

"धार जाईल. आणि लक्ष्याचा चोथा केलाय तुझ्या गिऱ्हाइकांनी, बाण आरपार जाऊन कुंपणात बसेल." तो खूष होता. "बसलेत ना एका जागी? अजून काय पाहिजे?"

एल्मा दारात उभी होती. पाद्रीबुवांना तिने याच कारणावरून परत पाठवलं होतं, जा, नवं पातं घेऊन या म्हणून. तिने रूडीकडे पाहिलं. तो बाण पुसत होता आणि शीळ घालत होता. "काही नाही," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला लेनीचा फोन आला. झोपडीपासून दोन मैल टेकडीवर येऊन त्याने लावला होता, कारण खाली आवाज पोचत नाही.

"एल्मा, रूडीने मारलंय. मोठी मादी. पण मागे लागलंय."

"किती मागे?"

"पोटात. बाण सापडलाय, हिरवा आहे. दुपारपर्यंत थांबायचं म्हणतोय तो. तू येतेस का? तुझी नजर चांगली आहे."

पोटात लागलेल्या हरणामागे लगेच गेलं तर ते उठून मैलोन्मैल जातं. म्हणून सहा-आठ तास थांबायचं आणि मग माग काढायचा, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक. एल्मा पोचली तेव्हा रूडी मचाणाच्या झाडाखाली एका लाकडावर बसला होता. समोर बाण आडवा ठेवलेला. त्याने मान वर केली नाही.

"बावीस पावलं," तो म्हणाला. "आडवी उभी होती. गाईसारखी."

एल्माने बाण उचलला. चिकट हिरवट घाण लागलेली, वास आंबूस. पिसं जागच्या जागी होती. दोन पिवळी, एक निळं, एकही सुटलेलं नाही, एकही फाटलेलं नाही. आखूड. बाण हवेत कसा गेला असेल ते तिला डोळ्यांनी पाहिल्यासारखं दिसलं. सुटताना सरळ, मग पुढच्या पात्याने वारा धरला, आणि मागे त्याला खेचून धरणारं काहीच नाही. एक वीत बाजूला. वीतभरच पुरते.

"हात हलला," रूडी म्हणाला. "सोडताना जाणवलं मला."

हीच वेळ होती. लेनी बाजूलाच उभा राहून पाण्याची बाटली उघडत होता. लेनीसमोर पिसांचं कसं काढायचं, घरी गेल्यावर सांगू, असं एल्माच्या मनात आलं आणि तिने बाण खाली ठेवला.

दुपारी तीनला ते माग काढायला निघाले. पानांवर एक थेंब, मग वीस पावलं काही नाही, मग पुन्हा एक. देवदारांच्या दलदलीच्या कडेला बसल्याची जागा सापडली, पाणी भरू लागलेली. तिथून पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला. चौघं हात हात अंतरावर दलदलीतून फिरले. रूडी कमरेएवढ्या पाण्यात उतरला. लेनीने त्याला दोनदा ओढून बाहेर काढलं. संध्याकाळी सगळे ओले होऊन झोपडीवर परत आले.

केम्पाइनेनांच्या झोपडीवर म्हाताऱ्या बापाने घालून दिलेली एक रीत होती. मारलेलं हरीण सापडो न सापडो, ते तुझं. सरकारने दिलेला टॅग हरणाच्या पायाला बांधायचा असतो. हरीण हरवलं तर तो टॅग सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत टाकायचा आणि वर्ष संपलं. रूडी दर वर्षी एकच टॅग घ्यायचा. त्याने पाकिटातून तो काढला.

"अरे, पहिला आठवडा आहे," लेनी म्हणाला. "बाबा गेले, त्याला वीस वर्षं झाली. तिकडे सगळे दोन-दोन घेऊन..."

रूडीने चुलीचं झाकण उघडलं, टॅग आत टाकला, झाकण लावलं. मग बाकावर बसून बूट काढायला लागला. नाड्या भिजून घट्ट बसल्या होत्या. बराच वेळ त्या सुटेनात, तेव्हा त्याने उजवा हात तोंडासमोर धरून पाहिला.

घरी आल्यावर एल्माने सांगितलं नाही. पहिल्या दिवशी तो दमला होता. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. तिसऱ्या दिवशी त्याने धनुष्य घोंगडीत गुंडाळून कपाटावर टाकलं, आणि त्या वेळी बोलणं तिला जास्तच अवघड वाटलं. एखादी गोष्ट सांगायची राहिली की तिच्यावर रोज एक पापुद्रा चढतो.

रूडी मात्र स्वस्थ बसला नाही. तो आपला हात तपासू लागला. कॉफीचा पेला भरून हात लांब करायचा आणि पृष्ठभागाकडे टक लावून बघत राहायचा. एल्मा खोलीत आली की पेला तोंडाला लावायचा. आठवड्याने तो म्हणाला, "ट्रक तू चालव यापुढे."

"का?"

"रस्त्यावर पोरं असतात. हाताचा भरवसा नाही."

त्याच आठवड्यात त्याने लेनीला बोलावून लाकूड कापायचं यंत्र देऊन टाकायचं ठरवलं. हिवाळ्याचं लाकूड अजून अर्धं फोडायचं होतं. लेनी आला तेव्हा रूडी मागे शेडमध्ये यंत्र पुसत होता. एल्माने लेनीला कपडे धुण्याच्या खोलीत ओढलं, कपाटावरून धनुष्य उतरवून त्याच्या हातात दिलं, आणि उरलेल्या पाच बाणांतले दोन. त्यातल्या एकाला पातं होतं.

"समोरच्या अंगणात चल. नवीन लक्ष्य आणलंय. पंचवीस पावलं. आधी बोथट मार, मग पात्याचा."

"रूडीच्या धनुष्याने? हे तर..." लेनीने दोरी ओढून पाहिली. "किती केलंय याने?"

"सेहेचाळीस. मार तू."

बोथट बाण मधोमध बसला. पात्याचा बाण एक वीत डावीकडे, दोन बोटं खाली. लेनीने तो उपटून आणला, पुन्हा मारला. डावीकडे एक वीत. तिसऱ्यांदा मारला, तसाच.

लेनीने बाण हातात धरून पिसांवरून अंगठा फिरवला. तो काही मूर्ख नव्हता. "एल्मा, ही पिसं तू लावलीस? या पात्याला?"

"हो."

"डेलला तर तू..."

"डेलला तू आजी म्हणाला नसतास असं नाही. पण डेलने ते सोसलं असतं."

लेनीचा चेहरा उतरला. पाऊस भुरभुरत होता. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "मी गंमत करतो गं. बॉबलाही गंमतच..."

"बॉब आला का या वर्षी?"

लेनीने बाण तिच्या हातात दिला. मग म्हणाला, "मी सांगतो रूडीला. मीच तोंड सोडलं नसतं तर..."

"नाही. पिसं मी लावली. पातं न लावता मीच जाऊ दिलं. मीच सांगते."

लेनी यंत्र घेऊन गेला. जाताना त्याने रूडीच्या पाठीवर थाप मारली आणि एकही विनोद केला नाही. रूडी त्याच्या गाडीकडे बराच वेळ बघत राहिला.

एल्माने त्याला स्वयंपाकघरात बसवलं. तिने वेलचीच्या पावाचं पीठ मळायला घेतलं होतं, ते झाकून ठेवलं. हात धुतले, पुसले आणि समोर बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. उंच पिसं काढून ठेवली होती, परत डब्यात टाकली. का टाकली. पातं लावून मारायला लावलं नाही. आत्ता लेनीने तीनदा मारलं, तिन्ही वेळा डावीकडे गेला. तुझा हात हलला नव्हता, रूडी. बाण वाकडा होता.

रूडीने शांतपणे ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग तो किंचित हसला.

"छत्तीस वर्षांत पातं न लावता बाण दिलायस तू कुणाला?"

"तुला दिला."

"पाद्रीबुवांना परत पाठवणारी बाई तू. आणि मला देशील?"

"दिला ना. तेच सांगतेय."

"एल्मा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका मऊ होता की तिला घाबरल्यासारखं झालं. "डॉक्टरचंही तू असंच सांगितलं होतंस. हळूहळू, बघू. मला राग नाही त्याचा. पण आता नको. लेनीलाही कशाला घेतलंस यात? त्याचं तोंड बघितलंस जाताना? मेल्या माणसाला भेटून चालल्यासारखा जात होता."

"बाहेर चल. स्वतः बघ. लेनी नको, मी मारते. नाहीतर तू मार."

"मी नाही आता हात लावणार."

"अरे, पण लक्ष्यात अजून भोकं आहेत! डावीकडे! तिन्ही!"

"लेनी कुठेही भोक पाडेल तू सांगितलंस तर. तू या घरात आलीस तेव्हापासून घाबरतो तुला." त्याने टेबलावरून हात पुढे करून तिच्या मनगटावर ठेवला. जड, उबदार, स्थिर हात. एल्माने त्याच्याकडे बोट दाखवलं. "बघ. हलतोय?"

"आत्ता नाही हलत. ते येतं आणि जातं." आणि त्याने हात काढून घेतला.

तिला ओरडावंसं वाटलं. तिने ओरडूनही पाहिलं. मग भांडीही आदळली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचं धनुष्य काढून खिडकीसमोर बाण मारून दाखवले, आधी आखूड पिसांचे, मग उंच पिसांचे, आणि आत येऊन म्हणाली, "दिसलं?" तो खिडकीशी बसला होता. "दिसलं," तो म्हणाला. "छान मारतेस तू." उंच पिसांचे बाण मधोमध बसले होते. त्याने त्यावर एवढंच म्हटलं, "तुझे बाण कधी वाकडे जात नाहीत."

ऑक्टोबरअखेरीला त्याने स्वतःच दवाखान्यात फोन करून वेळ घेतली. हात थरथरतो, त्याचं काय ते बघून घ्यायचं म्हणाला. एल्माने ट्रक काढला. आसन पुढे सरकवावं लागलं, तो लोखंडी दांडा गंजल्याने हलेना, तेव्हा रूडीने वाकून जोर लावून सरकवून दिला. मग तो पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. वाटेत त्याने प्रत्येक वळणावर सांगितलं, इथे हळू घे, इथे पूल निसरडा असतो. इतकी वर्षं ती शाळेला, बाजाराला याच रस्त्याने जात होती. तिने प्रत्येक वळणावर गाडी हळू घेतली.

दवाखान्यात बसायच्या खोलीत त्यांच्यासारखी चार-पाच म्हातारी माणसं होती. काचेमागच्या मुलीने एक पाटी आणि कागद पुढे केला. रूडीने तो एल्माकडे सरकवला. "तू लिही. माझं अक्षर वेडंवाकडं येईल."

नाव, पत्ता, जन्मतारीख तिने भराभर लिहिली. औषधं, ऑपरेशनं. मग खाली प्रश्न होता, त्रास केव्हापासून सुरू झाला. एल्मा थांबली. रूडी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

"इथे काय लिहू?" तिने विचारलं.

"लिही ना. चार ऑक्टोबर."

"रूडी."

"सकाळी साडेआठ," तो म्हणाला. "तेही लिही. त्यांना लागतं ते."

काचेमागच्या मुलीने पुढचं नाव पुकारलं, ते त्यांचं नव्हतं. एक बाई काठी टेकत आत गेली. एल्माने पेन कागदावर टेकवलं आणि शाळेच्या भिंतीवर जेवणाचा बेत लिहायची तशा गोल, सुटसुटीत अक्षरात लिहिलं, चार ऑक्टोबर, सकाळी साडेआठ.